मेस्त्रींचं ताट

सोमवारी दुपार कलल्यावर लाफाएले मेस्त्री आपली माणसं घेऊन निघून गेले. मंगळवारी सकाळी वाओसा तोंड धुवायला बाहेर आली, तेव्हा नव्या पाहुणघराच्या आढ्यापासून काथ्याची दोरी खाली लोंबत होती. दोन-तीन वेढे घट्ट घेतलेले आणि पुढचा अर्ध्यात सोडून दिलेला.

दमलेला मेस्त्री गाठ पुरी करून जातो. आजारी पडलेलाही करून जातो. गाठ अर्धी ठेवून जातो तो अपमान झालेला मेस्त्री. ती गाठ गावातल्या शेंबड्या पोरालाही वाचता येत होती. लाफाएले परत आले नाहीत तर साऱ्या सावाईई बेटावरचा दुसरा कुणी सुतार त्या जोत्यावर पाय ठेवणार नव्हता. खाडीपलीकडच्या गावात एका घराण्याचं असंच अर्धं घर उभं होतं. वाओसा परकरी पोर होती तेव्हा त्याचे खांब नवे पांढरे होते. आता त्यांच्यावर वेली चढल्या होत्या, आणि त्या घरातल्या मुलीचं लग्न ठरायची वेळ आली की लोक अजून आधी त्या खांबांचं नाव काढत.

तेच आता आपलं व्हायचं, असं वाओसाच्या मनात आलं. जुनं पाहुणघर वादळानं समुद्रात नेलं होतं. त्यानंतरची सारी वर्षं तिचा भाऊ सेऊमालो, घराण्याचा प्रमुख, एकच गोष्ट बोलत आला होता: मरायच्या आधी त्याला आजोबांच्या वेळचं तसंच घर, खिळा न मारलेलं, काथ्यानं बांधलेलं, त्याच जोत्यावर बघायचं होतं. त्यासाठी ऑकलंडहून मुलगा याकोपो आला होता, त्याची बायको एसेता आली होती, नातवंडं आली होती. छपराची एक बाजू उसाच्या पाल्यानं शाकारून झाली होती. दुसऱ्या बाजूच्या उघड्या वाशांतून आभाळ दिसत होतं.

न्याहारी कुणी केली नाही. सगळे छोट्या घरात जमले. सेऊमालो आपल्या ठरलेल्या खांबाला टेकून बसला, दुखरा गुडघा दोन्ही हातांनी धरून.

"बंदराकडच्या त्या सुताराला काल कुणी बोलावलं होतं?" त्यानं विचारलं.

विचारायची गरज नव्हती. साऱ्या गावानं गाडी पाहिली होती.

"मी बोलावलं, बाबा," एसेता म्हणाली.

"कशाला?"

"नुसतं बघायला. एक खिळा नाही, बाबा, सगळं दोरीवर. वर एवढं जड आढं आणि खाली माझी पोरं झोपणार. ऑकलंडला आम्ही कुणीही दुसऱ्या माणसाला बोलावतो, एकदा नजर टाकून जा म्हणतो. पहिला त्याचा राग धरत नाही."

"ऐका बाई!" लुसिया म्हणाली. ही सेऊमालोच्या धाकट्या भावाची विधवा. जीभ अशी की नारळ सोलावा. "उद्या नवराही दुसऱ्या कुणाला दाखवून घेशील हो, नीट बसवलाय का म्हणून!"

मागे बसलेल्या बायका फिसकन हसल्या. एसेताचे कान लाल झाले.

"मी हिला सांगितलं होतं, नको म्हणून," याकोपो म्हणाला.

"कधी सांगितलंस?" एसेता त्याच्याकडे वळली. "तूच म्हणालास, तुझं समाधान होणार असेल तर बोलाव. गाडीही तूच सांगितलीस."

याकोपो चटईची कड खुडत बसला. बापासमोर मुलगा बायकोला सोडून केव्हाच अलीकडच्या काठाला पोहून आला होता, हे सगळ्यांनी पाहिलं. वाओसानंही.

"आणि तो सुतार तरी काय म्हणाला?" सेऊमालोनं विचारलं.

"काही नाही. उतरलाच नाही तो. गाडीतून वर बघितलं, मेस्त्रींची माणसं हत्यारं घेऊन खाली उतरताना बघितली, आणि ड्रायव्हरला म्हणाला, फिरव. मी शहाळं घेऊन धावले तर त्यानं काच वर केली."

"करेल नाही तर काय! तो सुतार आहे, वेडा नाही," लुसिया म्हणाली. मग तिनं हळूच मान वळवली. "इथं आम्ही म्हाताऱ्या बायका चुलीपाशी मरमर मरतो, मेस्त्रींचं दोन्ही वेळचं बघतो, आणि काल आलेली सून एका शहाळ्यात सगळं बुडवते. हो की नाही, वन्सं?"

वाओसानं तिच्याकडे पाहिलं. लुसियाच्या डोळ्यांत राग नव्हता. मी आहे हो तुमच्या बाजूची, असं ते डोळे म्हणत होते. त्या कृपेनं वाओसाला घाम फुटला.

कारण गाडी यायच्या आधीच मेस्त्रींनी हत्यारांच्या पेट्या बांधायला घेतल्या होत्या. हे दोघींनीच पाहिलं होतं, वाओसानं आणि लुसियानं, स्वैपाकाच्या खोपटातून.

रविवारी पाद्रीबाबांकडे आपिया शहरातून पाहुणे आले होते. वाओसानं डुक्कर कापलं आणि तापल्या दगडांच्या भट्टीतून निघालेलं सगळंच्या सगळं तिकडे पाठवलं, पाठीच्या भागासकट. घर उभं राहात असेतो डुकराची पाठ मेस्त्रींची. हे तिला कुणी शिकवायला नको होतं. जुन्या घराच्या वेळी तिची आजी स्वतः हातानं तो तुकडा पानावर वाढायची आणि म्हणायची, "पोरी, छप्पर खांबावर उभं राहत नाही, चुलीवर राहतं." पण पाद्रीबाबांच्या बायकोनं चारचौघांत म्हटलं होतं की वाओसाच्या हातची भट्टी म्हणजे भट्टी. पाहुण्यांसमोर ते पुन्हा एकदा ऐकायचं होतं. आणि ऐकलंही तिनं. घरी येताना रस्ताभर ती तरुण पोरीसारखी चालली होती.

सोमवारी दुपारी मेस्त्रींसाठी उरलं काय? उकडलेले अळूचे कंद आणि फळीवरचे मासळीचे डबे. सेऊमालो आणि याकोपो मळ्यात गेले होते, विचारणारं कुणी नव्हतं. लुसियानं डबे फोडता फोडता विचारलं होतं, "वन्सं, मासळी? मेस्त्रींना?" आणि वाओसा हसून म्हणाली होती, "अगं, वाशावर चढणारी माणसं ती. भुकेपुढे त्यांना डुक्कर काय नि डबा काय! खातील आणि हात चाटतील."

मागे वळली तर लाफाएले मेस्त्री दारात होते. वाकसाला धार करायला पाणी मागायला आले होते. त्यांनी पाणी घेतलं, मान लववून आभार मानले आणि गेले. ताटं भरलेलीच परत आली, वरची पानंही न हलवता. मग मेस्त्री वर चढले, दोन-तीन वेढे घातले, आणि हात थांबवला.

आत्ता बोलायला हवं, असं वाओसाला वाटलं. पण तिच्या शब्दावर या घरात चटया उलगडायच्या आणि गुंडाळायच्या. भाऊ प्रमुख खरा, पण बहीण म्हणजे त्याच्या डोळ्याची बाहुली. तिच्यासमोर त्यानं कधी आवाज चढवला नव्हता. गावाच्या बैठकीत तिचं नाव निघालं की लोक आधी घसा साफ करत. हे सगळं मासळीच्या एका डब्यासाठी घालवायचं?

"बस झालं," सेऊमालो म्हणाला. "सून आपली, तर दोषही आपला. उद्या पहाटे मी लाफाएलेच्या दारात चटईखाली बसतो."

 प्रमुखानं चटईखाली बसायचं म्हणजे घराण्यानं मान कापून पुढे ठेवायची. आणि ते खुनासाठी ठीक, मारामारीसाठी ठीक. सुतारासाठी?

"तुमचा गुडघा, बाबा—" याकोपो म्हणाला.

"गुडघा माझाच आहे," सेऊमालो म्हणाला. तो वाओसाकडे पाहात नव्हता. सकाळपासून त्यानं एकदाही तिच्याकडे पाहिलं नव्हतं.

*

संध्याकाळी वाओसा खोपटात उद्याची तयारी करत होती. चटईखाली बसायला जाणारे सोबत भट्टीचे दगड नेतात, सरपण नेतात, नीरफणसाची पानं नेतात. आम्ही तुमच्या दारात आलो, हवं तर आम्हालाच भाजून खा, असा त्याचा अर्थ. दगड निवडायचं काम तिचं. तिनं निवडलेले दगड रविवारच्याच भट्टीतले होते. त्यांना अजून डुकराच्या चरबीचा वास होता.

एसेता दारात आली. डोळे सुजलेले.

"आत्या, मीही बसणार चटईखाली. मला सांगा, तिथं काय बोलायचं असतं?"

"काही बोलायचं नसतं. नुसतं बसायचं."

"किती वेळ?"

"ते उचलतील तोवर."

"आणि नाहीच उचलली तर?"

"तर मग..." वाओसानं एक दगड बाजूला ठेवला. "मग ऊन डोक्यावर येतं. मग माणूस घरी येतो. आणि मग कुणी त्याविषयी बोलत नाही, फक्त सगळ्यांना आठवत राहतं."

एसेता तिच्याजवळ उकिडवी बसली आणि पानं पुसू लागली. तिला नीट बसताही येत नव्हतं. ऑकलंडला वाढलेले ते गुडघे एकसारखे इकडून तिकडे होत होते.

"मला वाटलं होतं मी चांगलं करतेय," ती म्हणाली. "याकोपो तर बोलतच नाहीये माझ्याशी. लुसियाकाकूंनी पोरांनाही ऐकवलं, तुमच्या आईनं घर मोडलं म्हणून. थोरला विचारत होता, खरं का."

"तू काय सांगितलंस?"

"सांगितलं, हो, खरं." तिनं नाक पुसलं. "एक तुम्हीच मला काही बोलला नाहीत, आत्या. सकाळी सगळे तुटून पडले होते तेव्हा मी तुमच्याकडेच बघत होते. म्हटलं, एवढं मोठं माणूस गप्प आहे, म्हणजे मला समजून घेतंय कुणीतरी."

आणि तिनं वाओसाचा राखेनं माखलेला हात घेऊन गालाला लावला.

वाओसानं हात काढून घेतला नाही. ते सगळ्यांत वाईट होतं, हे तिला त्याच क्षणी कळलं होतं. तिनं त्या पोरीच्या केसांवरून दुसरा हात फिरवला आणि म्हणाली, "जा, झोप आता. पहाटे उठायचंय."

*

लाफाएलेंचं गाव शेजारचंच. उजाडायच्या आत ते पोचले. दारासमोरच्या खडीवर दगड मांडले, सरपण ठेवलं, पानं ठेवली. सेऊमालो गुडघ्यावर हात रोवून हळूहळू खाली बसला. त्याच्या एका बाजूला याकोपो, दुसरीकडे एसेता. वाओसानं घराण्याची मोठी चटई उलगडली. आजीच्या आजीनं विणलेली, रेशमासारखी मऊ, कडेला लाल पिसं लावलेली. ती तिनं तिघांवर पांघरली आणि रस्त्याकडेच्या नीरफणसाखाली जाऊन उभी राहिली. बहिणीची जागा चटईखाली नसते. तिला वाकावं लागू नये म्हणून तर भाऊ वाकतो.

उजाडलं. घराचे झावळ्यांचे पडदे खालीच होते. मेस्त्रींची बायको माकेरिता खराटा घेऊन बाहेर आली आणि अंगण झाडू लागली. चटईपर्यंत झाडत आली, तिच्या कडेकडेनं झाडलं, आणि जणू तिथं एखादा पडलेला ओंडका असावा तशी पुढे गेली.

गाव जागा झाला. शाळेची पोरं रस्त्यावर थांबून बघू लागली. कुणीतरी त्यांना हाकललं, आणि मग स्वतःच उभं राहिलं.

ऊन चटईवर आलं. वाओसाला चटईचा एक भाग थरथरताना दिसला. सेऊमालोच्या उजव्या बाजूचा. तोच गुडघा. लहानपणी नारळाच्या झाडावरून पडला होता तो, तिच्यासाठी शहाळं काढताना. तिनंच हट्ट धरला होता. तेव्हाही त्यानं घरी सांगितलं होतं, मलाच तहान लागली होती.

वाओसाचे पाय कधी निघाले ते तिला कळलं नाही. लोक बघत होते. तिनं खडीवर गुडघे टेकले, चटईची कड उचलली आणि आत शिरली.

आत अंधार, उकाडा, जुन्या पात्यांचा वास.

"ताई?" सेऊमालो कुजबुजला. "बाहेर हो. ही तुझी जागा नाही."

"आहे. ऐक माझं. एसेतानं काही केलेलं नाही. गाडी यायच्या आधीच त्यांनी पेट्या बांधायला घेतल्या होत्या. मी डुकराची पाठ पाद्रीबाबांकडे पाठवली, आणि मेस्त्रींपुढे मासळीचे डबे ठेवले. आणि वर बोलले. असं बोलले की आजीनं मला भट्टीत घातलं असतं. त्यांनी ऐकलं ते."

 पलीकडे कुणाचा तरी श्वास अडकला. मग सेऊमालो म्हणाला, "मला माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"मळ्यातून येताना रस्त्यात भेटले मला मेस्त्री. सांगून गेले. चोरासारखे गेले नाहीत ते."

"म्हणजे काल सकाळी तुला..." वाओसाचा आवाज चिरकला. "आणि तू त्या पोरीला सगळ्यांसमोर विचारत होतास? कुणी बोलावलं म्हणून?"

"मग काय करू?" तोही आता कुजबुजत नव्हता. "तुझं नाव घेऊ? ही महिन्याभरात विमानात बसून जाईल. तुला इथं राहायचंय, देवळात बसायचंय, या बायकांत मरायचंय. मी म्हटलं, तिच्यावर जाऊ दे. ती विसरेल."

"बाबा," एसेता म्हणाली. "मी इथंच बसलेय."

 चटईखाली चौघांचा घाम एकाच वासाचा झाला होता. याकोपोनं अंधारात बापाच्या पाठीमागून बायकोचा हात चाचपला. तिनं तो झिडकारला, ते वाओसाला खांद्याला लागलं.

"मी पोरांना सांगितलं," एसेता म्हणाली, सावकाश, एकेक शब्द ठेवत, "की मी तुमच्या आजोबांचं घर मोडलं. माझ्या पोरांना. आणि काल तुम्ही माझ्या केसांवरून हात फिरवलात, आत्या."

"फिरवला," वाओसा म्हणाली. आणखी काय म्हणणार?

तेवढ्यात उजेड झाला. चटई वर गेली होती. लाफाएले मेस्त्री ती दोन्ही हातांनी धरून उभे होते, अंगावर धुतलेला सदरा, नवी लुंगी. किती वेळ आधीपासून उभे होते कोण जाणे.

वाओसानं डोकं खडीला टेकवलं. "मेस्त्री, बोलले ती मी."

"ऐकलं," लाफाएले म्हणाले. "चटई फार तलम आहे तुमची." मग रस्त्यावर उभ्या असलेल्या लोकांकडे बघून ते जरा मोठ्यानं म्हणाले, "झालं. जा आपापल्या कामाला. आणि तुम्ही आत या, सेऊमालो. तो गुडघा आधी सरळ करा."

*

पडदे वर गेले. चौघांना मानाच्या खांबांपाशी बसवलं. लाफाएलेंनी तोंडावर काही सुनावलं नाही, की माफ केलं असंही म्हटलं नाही. सेऊमालोशी उसाच्या पाल्याविषयी बोलले, यंदा पाला कसा आखूड झालाय, पश्चिमेकडची बाजू शाकारायला किती लागेल. जणू काल संध्याकाळचंच बोलणं पुढे चाललं होतं. दोरीची गोष्ट निघाली तेव्हा म्हणाले, "ती गाठ मीच पुरी करीन. सोमवारी."

याकोपोनं सुस्कारा सोडला. घर उभं राहणार होतं.

माकेरितानं जेवण आणलं. प्रत्येकापुढे हिरवंगार पान, पानावर भाजलेला नीरफणस, आणि मासळी. डब्यातलीच मासळी होती ती. कांदा घालून, नारळाच्या घट्ट दुधात उकळलेली, अजून वाफाळणारी. रिकामे डबे मागच्या खांबाशी दिसत होते. ते लपवायचं त्या घरात कुणाला सुचलं नव्हतं. माकेरिता त्यांच्या समोर मांडी घालून बसली आणि विणलेल्या पंख्यानं पानांवरच्या माश्या वारू लागली.

"गोड मानून घ्या," ती म्हणाली. "घरात हेच होतं."

वाओसानं पहिला घास घेतला. ती अख्ख्या आयुष्यात जेवली नव्हती इतकी हळू जेवली. पान संपवलं. बोटंही चाटली, कारण तिनंच म्हटलं होतं तसं.

"सोमवारपासून मेस्त्रींचं जेवण मी बघेन," एसेता म्हणाली. ती कुणालाच विचारत नव्हती. "भट्टी लावायला काकू शिकवतील. डुकराची पाठ कशी काढतात तेही."

याकोपो बापाकडे बघू लागला, बाप बहिणीकडे. आता वाओसानं काही म्हणायचं होतं. तिची चूल ती. आजीकडून आईकडे, आईकडून तिच्याकडे आलेली. एक शब्द म्हटला असता तर सेऊमालोनं अजूनही तिचीच बाजू घेतली असती. तिच्याकडे बघणाऱ्या त्याच्या डोळ्यांत ते होतं, आणि तेच तिला बघवेना.

"शिकव म्हणावं लुसियाला," ती म्हणाली. "नीट शिकव म्हणावं."

एसेतानं मान हलवली. तिचं पान अजून अर्धं होतं. माकेरिता चहा आणायला उठली, तसा पंखा चटईवर राहिला, आणि माश्या लगेच खाली उतरल्या.

माश्या वारणं हे घरातल्या सगळ्यांत धाकट्याचं काम. वाओसानं ते शेवटचं कधी केलं होतं ते तिला आठवेना, आजीच्या पुढ्यात बसून केलं होतं एवढंच आठवलं. ती गुडघ्यांवर पुढे सरकली. पंखा उचलला. आणि सून जेवत होती त्या पानावरून तो हळूहळू फिरवू लागली. एसेतानं वर पाहिलं नाही. पण ती जेवायची थांबलीही नाही.